पायांच्या चोंदलेल्या धमन्या आणि रक्तातून कोलेस्टेरॉल काढून घेण्याचा उपचार: कोणासाठी, कसा आणि कुठवर

थोडं चाललं की पोटरी भरून येते. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की मोकळं वाटतं आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा तेच. पायाकडे जाणाऱ्या धमन्यांत चरबीचे थर साचून वाट अरुंद झाली की दुखणं असं घड्याळासारखं नेमकं येतं. वैद्यकीय भाषेत याला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात. यातल्या काही रुग्णांना अँजिओप्लास्टी होत नाही, बायपासही होत नाही आणि औषधं पुरत नाहीत. मग कोणीतरी सांगतं की जपान-जर्मनीत रक्त यंत्रातून फिरवून त्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतात.

ते खरं आहे. या उपचाराला लायपोप्रोटीन ॲफेरेसिस किंवा एलडीएल ॲफेरेसिस म्हणतात. एलडीएल म्हणजे धमनीत थर साचवणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल. मात्र हा उपचार फार थोड्यांसाठी आहे. तो घ्यायचा की नाही याचा निम्मा निर्णय यंत्रापाशी पोचण्याआधीच व्हायला हवा, म्हणून या लेखात यंत्राच्या आधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: दुखणं धमनीचंच आहे ना?

साठीनंतर पाय दुखण्याची कारणं बरीच असतात. मणक्यातली जागा अरुंद झाली तरी चालताना पाय भरून येतात. पण त्या माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. बाजारात ढकलगाडीवर वाकून चालताना ज्याला बरं वाटतं, त्याचा मणका आधी तपासावा. शिरांचा त्रास असेल तर संध्याकाळी पाय सुजतात, जड होतात आणि वर करून ठेवले की हलके वाटतात. धमनीच्या दुखण्यात उलटं होतं. आजार वाढलेला असेल तर रात्री आडवं झाल्यावर पावलं ठणकतात आणि रुग्ण पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून बसतो.

तपासणी साधी आणि स्वस्त आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं, या आकड्याला एबीआय म्हणतात. रुग्णाला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवतात, दोन्ही दंडांचा वरचा दाब डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) घेतात आणि त्यातला जास्त असेल तो धरतात. मग प्रत्येक घोट्यापाशी दोन ठिकाणी दाब घेऊन त्यातलाही जास्त धरतात. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ९१ असेल तर एबीआय ०.६५ येतो. १.०० ते १.४० ठीक समजतात. ०.९० किंवा त्याखाली असेल तर धमनीचा आजार आहे असं धरतात.

मधुमेह जुना असेल किंवा किडनी खराब असेल तर धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. पट्टा फुगवला तरी दबत नाहीत. अशा वेळी एबीआय १.४० च्या वर जातो, किंवा फसवा 'नॉर्मल' येतो आणि घरचे निर्धास्त होतात. या रुग्णांत पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायला सांगा. अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असेल तर पाऊल धोक्यात आहे असं समजायचं.

आणखी एक गाळणी इथेच लावावी लागते. रुग्ण चाळिशीच्या आतला आहे, विडी-सिगारेट किंवा तंबाखू सुटलेली नाही, कोलेस्टेरॉल जेमतेम आहे आणि बोटं काळी पडताहेत, असं चित्र असेल तर तो बहुधा बर्गर्स डिसीज असतो. आपल्याकडे तो परका नाही. त्यात धमनी चरबीने नाही, सुजेने आणि गुठळ्यांनी बंद होते. तिथे कोलेस्टेरॉल काढून उपयोग नाही, तंबाखू संपूर्ण बंद करणं हाच पाय वाचवण्याचा मुख्य उपाय.

दुसरी पायरी: आधीचं सगळं खरंच करून झालं आहे का?

'सगळं करून पाहिलं' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. खोलात शिरलं की कळतं, गोळी मध्येच बंद झाली होती आणि मिश्री कोणी तंबाखूत मोजलीच नव्हती. म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे तारीख टाका.

तंबाखू: विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, तपकीर सगळं यात आलं. सोडल्याची तारीख लिहा. ही तारीख लिहिता येत नसेल तर पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालणं: नुसतं 'फिरायला जातो' हे या आजारात पुरत नाही. पोटरीत मध्यम दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान १२ आठवडे. दुखलं म्हणजे पायाला इजा झाली असं नाही, या दुखण्यापर्यंत जाण्यातच व्यायामाचा फायदा आहे. मात्र पावलावर जखम असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हृदयविकार असेल तरी आधी विचारावं. इतका साधा उपाय, पण आपल्याकडे तो औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिला जातो आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नाही.

औषधं: जास्त मात्रेतलं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ. तेवढ्याने एलडीएल उतरलं नाही तर सोबत इझेटिमाइब. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांसाठी एलडीएल ५५ मिग्रॅच्या खाली आणि मुळापासून निम्म्याने कमी, असं लक्ष्य आहे. तरीही नाही जमलं तर पीसीएसके९ (यकृताला एलडीएलचा निचरा पुरेसा करू न देणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं आहेत, इव्होलोक्युमॅब आणि सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इन्क्लिसिरान. ही इंजेक्शनं आल्यापासून ज्यांना यंत्रावर बसावं लागतं अशांची संख्या घटली आहे. याशिवाय गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. काहींना अ‍ॅस्पिरिनसोबत रिव्हारॉक्सॅबान २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. चालण्याचं अंतर वाढवायला सिलोस्टाझॉल देतात, पण हार्ट फेल्युअर असलेल्याला ते अजिबात चालत नाही.

शेवटची गोष्ट व्हॅस्क्युलर सर्जनचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत. 'अँजिओप्लास्टी होणार नाही' हे कोणी सांगितलं आणि कोणत्या अँजिओग्राफीवरून, ते विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या व्हॅस्क्युलर सर्जनलाही तीच सीडी दाखवा. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांचं काम सगळेच करत नाहीत. एका ठिकाणचा 'नाही' दुसरीकडे 'करून बघू' होऊ शकतो.

तिसरी पायरी: मग हा उपचार नेमका कोणाला?

रक्तातून कोलेस्टेरॉल काढायची कल्पना जन्मजात कोलेस्टेरॉल अतोनात असलेल्या रुग्णांसाठी निघाली. आई-वडील दोघांकडून दोषी जनुक आलेल्या मुलांचं एलडीएल ५०० च्याही वर जातं आणि विशीच्या आत हृदयविकार होतो. लंडनमध्ये गिल्बर्ट थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा रुग्णांचा प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा रक्तद्रव) वरचेवर बदलून कोलेस्टेरॉल उतरवून दाखवलं. पण सगळा प्लाझ्मा फेकायचा म्हणजे चांगली प्रथिनंही जातात. मग नको तेवढंच पकडणारी यंत्रं आली. जर्मनीत प्लाझ्मा आम्लधर्मी करून हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) एलडीएलचा साका खाली बसवायची हेल्प पद्धत निघाली आणि जपानच्या कानेका कंपनीने डेक्स्ट्रान सल्फेटचे मणी भरलेले लिपोसॉर्बर कॉलम आणले.

पायाच्या आजारासाठी हा उपचार खऱ्या अर्थाने रुजला तो जपानात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात तो बसतो, पण अटी कडक आहेत. चालताना दुखण्याच्या पायरीवर तरी आजार पोचलेला हवा. औषधांनंतरही एकूण कोलेस्टेरॉल २२० किंवा एलडीएल १४० च्या वर हवं. धमनी गुडघ्यामागून खाली बंद किंवा लांबवर चोंदलेली हवी आणि शस्त्रक्रिया अवघड हवी. एवढं सगळं जुळलं तर तीन महिन्यांत जास्तीत जास्त १० सत्रं.

जर्मनीत वाट वेगळी आहे. तिथे २००८ पासून आणखी एका गटाला हा उपचार मिळतो: ज्यांचं एलडीएल आटोक्यात आहे, पण लायपोप्रोटीन-ए ६० मिग्रॅच्या वर आहे आणि तरीही धमन्यांचा आजार पुढे सरकतोच आहे. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलचाच जन्मजात मिळालेला चिकट भाऊबंद. स्टॅटिनने तो उतरत नाही, आहार-व्यायामाने जवळपास हलत नाही. ॲफेरेसिसच्या एका सत्रात मात्र तो बराच खाली येतो. म्हणून तुमच्या रुग्णाचा लायपोप्रोटीन-ए कधीच मोजला नसेल तर आधी ती एक तपासणी करा. ती आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते.

आता पुराव्याबद्दल. अंतर वाढलं, दुखणं कमी झालं, जखमा भरल्या असं सांगणारे जपानी आणि जर्मन अहवाल आहेत. पण बहुतेक छोटे आहेत आणि त्यांत तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नाही. चालण्याच्या व्यायामामागे किंवा स्टॅटिनमागे जेवढं भक्कम संशोधन आहे, तेवढं यामागे नाही. हे डॉक्टरांनी तुम्हाला आपणहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

यंत्रात काय होतं

मोरीचा तुंबलेला पाइप धुवावा तशी यात धमनी धुतली जात नाही. भिंतीत वर्षानुवर्षं साचलेला थर तीन तासांत निघत नाही आणि दहा सत्रांनंतर अँजिओग्राफी केली तरी बंद धमनी बहुधा बंदच दिसते. मग पाय गरम का होतो? कारण एलडीएलबरोबर फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिनही उतरतं, रक्ताचा दाटपणा कमी होतो आणि ते बारीक वाटांतून सहज सरकतं. धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडू लागतं आणि बारीक वाहिन्या रुंदावतात. म्हणजे मुख्य रस्ता बंदच राहतो आणि आडवाटांवरची वाहतूक सुधारते.

लिपोसॉर्बरमध्ये एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर येतं. पहिल्या नळकांड्यात पोकळ धाग्यांची जुडी असते. तिच्यातून रक्तपेशी पुढे जातात आणि पिवळसर, पारदर्शक प्लाझ्मा बाजूला निघतो. तो डेक्स्ट्रान सल्फेटच्या कॉलममधून जातो. एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए या दोघांच्या अंगावर एपो-बी नावाचं धन भाराचं प्रथिन असतं. कॉलममधल्या ऋण भाराच्या मण्यांना ते चिकटतं. 'चांगलं' एचडीएल बहुतांशी सुटून जातं. कॉलम दोन असतात. एक भरत आला की यंत्र प्लाझ्मा दुसऱ्याकडे वळवतं आणि पहिल्याला मिठाच्या तीव्र पाण्याने धुऊन पुन्हा तयार करतं. स्वच्छ झालेला प्लाझ्मा पेशींमध्ये मिसळून दुसऱ्या हातातून परत जातो. एका सत्रात साधारण तीन ते चार लिटर प्लाझ्मा असा फिरतो.

दुसरी पद्धत दुहेरी गाळणीची. तिच्यात दुसऱ्या गाळणीची छिद्रं अशी असतात की मोठे कण अडकतात आणि लहान प्रथिनं जातात. ही निवड आकारावर चालते, त्यामुळे थोडं एचडीएल आणि प्रतिपिंडंही जातात. आपल्याकडे किडनी प्रत्यारोपण करणाऱ्या काही मोठ्या रुग्णालयांत ही दुहेरी गाळणी दुसऱ्या कारणासाठी वापरली जाते. म्हणून चौकशी करायची तर हृदयरोग विभागाबरोबर नेफ्रोलॉजी (किडनी) विभागातही करा.

जपानात अलीकडे रिओकार्ना नावाचा नवा कॉलम आला आहे, त्याला २०२० च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्यात प्लाझ्मा वेगळा काढावा लागत नाही, रक्त सरळ कॉलममधून जातं आणि एलडीएल व फायब्रिनोजेन दोन्ही अडकतात. तो पायावर न भरणारी जखम आहे आणि शस्त्रक्रिया शक्य नाही अशांसाठी आहे.

चौथी पायरी: सत्राआधीची तयारी

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रक्तदाबाच्या गोळीची. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, त्या घेऊन डेक्स्ट्रान सल्फेटच्या कॉलमवर बसणं धोक्याचं आहे. ऋण भाराच्या पृष्ठभागामुळे शरीरात ब्रॅडिकायनिन तयार होतं आणि 'प्रिल' गोळी त्याचा निचरा होऊ देत नाही. दोन्ही एकत्र आलं की काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ती गोळी आधीच बंद करतात किंवा 'सार्टन' गटातली देतात, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन. आपणहून बंद करू नका. पण पहिल्या भेटीतच सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवा, नुसती चिठ्ठी नको. पाकिटावरचं ब्रँडचं नाव वेगळं असतं आणि आतल्या घटकाचं नाव बारीक अक्षरात. तिथेच 'प्रिल' लपलेलं असतं.

रक्त पातळ करणारी औषधं, अलीकडे काढलेला दात, काळी शौच, डोळ्याच्या पडद्यातला रक्तस्राव हेही सांगा, कारण सत्रात हेपॅरिन देतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या तपासण्या, कॅल्शियम, हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही या चाचण्या आधी होतात.

मग शिरांचा प्रश्न. दोन्ही कोपरांच्या खाचेत जाड सुई बसेल अशी शीर लागते. मधुमेही, वयस्क रुग्णात ती मिळत नाही. तेव्हा मानेतून कॅथेटर टाकावा लागतो आणि त्याबरोबर जंतुसंसर्गाचा धोका येतो. डायलिसिसवर असलेल्यांना फिस्टुला (धमनीला जोडून जाड केलेली हाताची शीर) असतो, त्यांचं काम सोपं होतं. इतरांनी आतापासून सलाइन आणि रक्ततपासणीसाठी शक्यतो हाताच्या पंज्यावरच्या शिरा वापरायला सांगाव्यात.

पहिल्या सत्राआधी चार नोंदी करून ठेवा: एबीआय किंवा अंगठ्याचा दाब, दुखणं सुरू होईपर्यंतचं अंतर, थांबावंच लागतं तिथपर्यंतचं अंतर आणि जखम असेल तर शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो. अंतर नेहमी त्याच सपाट रस्त्यावर मोजा. सोसायटीच्या आवारात विजेचे खांब मोजलेत तरी चालेल, फक्त दर वेळी तेच खांब हवेत.

पाचवी पायरी: सत्राचा दिवस

हलकं खाऊन जा, तेलकट नको. पाणी व्यवस्थित प्या, नाहीतर शीर सापडत नाही आणि रक्तदाबही उतरतो. किडनी किंवा हृदयासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळाच. लघवीला जाऊन बसा. दोन्ही हातांत सुया असल्यावर नाक खाजवायलाही दुसऱ्याला सांगावं लागतं, म्हणून घरचं माणूस जवळ हवं.

सत्र साधारण दोन ते तीन तास चालतं. गरगरणं, मळमळ, घाम, छातीत भरल्यासारखं वाटणं, अंगाला खाज, यातलं काहीही झालं तर 'होईल कमी' म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. ज्या पद्धतींत हेपॅरिनऐवजी सायट्रेट वापरतात त्यांत ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी झिणझिणतात. कॅल्शियम उतरल्याची ती खूण, कॅल्शियम दिलं की जाते.

सुया काढल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावं लागतं. लगेच उठू नका. त्या दिवशी दाढी करू नका, दात काढू नका, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. सलग बरीच सत्रं झाली तर हिमोग्लोबिन आणि लोह घसरू शकतं, ते मधून मधून तपासावं.

सहावी पायरी: फायदा होतोय का, हे कसं ओळखायचं

सत्राच्या आधी आणि लगेच नंतर एलडीएल मोजतात. १६० चं ४५ झालं तर ७२ टक्के घट. एका सत्रात साधारण ६० ते ८० टक्के घट अपेक्षित असते. पण हा आकडा पाहून पेढे वाटू नका. यकृत आपलं काम थांबवत नाही. एक ते दोन आठवड्यांत पातळी पूर्वपदावर येते. म्हणूनच जन्मजात कोलेस्टेरॉलवाल्यांना आठवड्याला किंवा पंधरवड्याला आयुष्यभर यावं लागतं. म्हणूनच सत्रं चालू असताना स्टॅटिन बंद करायचं नसतं. 'यंत्राने काढतोय ना, मग गोळी कशाला' हा हिशेब उलटा आहे. गोळीमुळे पातळी पुन्हा चढायला वेळ लागतो.

पायाचा हिशेब वेगळा ठेवा. चार-पाच सत्रांनंतर त्याच खांबांपर्यंत चालून बघा. रात्रीची झोप कशी लागते, दुखण्याच्या गोळ्या किती लागतात, जखमेचा फोटो काय सांगतो, ते आधीच्या नोंदीशेजारी लिहा. पाय गरम वाटतो ही चांगली खूण, पण तेवढ्यावर पुढची सत्रं ठरवू नयेत.

खर्च आणि जाहिराती

कॉलम आणि गाळण्या एका सत्रापुरत्याच वापरायच्या असतात, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग त्यांचाच. 'एका सत्राचे किती' एवढंच विचारू नका. कॉलम, कॅथेटर, तपासण्या, एक दिवसाची भरती धरून पूर्ण कोर्सचा लेखी अंदाज मागा. विमा कंपनीकडून आगाऊ मंजुरी घ्या. इन्क्लिसिरान किंवा इव्होलोक्युमॅबच्या वर्षभराच्या खर्चाशी तो आकडा ताडून बघा. डॉक्टरांना विचारा: हीच यंत्रणा तुम्ही पायाच्या आजारासाठी किती रुग्णांना वापरली, आणि 'प्रिल' गोळीबद्दल तुमचा नियम काय? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर तिथे हात पुढे करू नका.

'ब्लॉकेज विरघळवणारं सलाइन' म्हणून विकली जाणारी किलेशन थेरपी ही वेगळी गोष्ट आहे, तिचा ॲफेरेसिसशी संबंध नाही. मधुमेह आणि आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत २०२४ मध्ये तिचा फायदा दिसला नाही. 'रक्तशुद्धी' या नावाखाली दोन्ही एकाच पत्रकावर छापलेली दिसली तर ते पत्रक रद्दीत टाका.

कधी थांबायचं, कधी धावायचं

सत्रं सुरू करण्याआधीच थांबण्याची रेषा डॉक्टरांबरोबर ठरवून घ्या. जपानी विम्याची १० सत्रांची मर्यादा मला त्यासाठी बरी वाटते. दहा सत्रांत अंतर वाढलं नाही, रात्रीचं दुखणं हललं नाही, जखम तेवढीच राहिली, तर अकरावं सत्र कशासाठी, याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवं. फायदा झाला तर काही महिन्यांनी पुन्हा मोजा, तो किती टिकतो ते बघून पुढचं ठरतं.

आणि पुढच्या सत्राची तारीख जवळ असली तरी एका परिस्थितीत तिची वाट बघायची नाही. पाय अचानक गार, पांढराफटक पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी बसलेली असू शकते. हातात सहा तासांच्या आसपासच वेळ असतो. शेकू नका, चोळू नका. व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या रुग्णालयात थेट घेऊन जा आणि निघतानाच फोन करून कळवा. बोट काळं पडून वास येत असेल, पू असेल, ताप असेल तरी त्याच दिवशी निघा.